उज्ज्वला वहिनींचा मंगळवार

उज्ज्वला वहिनींना जर्मन येत नाही. गेल्या पाच वर्षांत स्टुटगार्टमधल्या निदान पन्नास मराठी माणसांना मी हे आवर्जून ऐकवलं असेल. ऐकणारा दर वेळी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हो ना, आणि तरी बघा." त्या 'तरी बघा'नं माझा जीव जळायचा.

वहिनी येण्याआधी आमच्या मराठी ग्रुपात सरकारी कागद वाचणारा माणूस मी होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, जर्मनीत चौदा वर्षं, भाषेची सी-वन परीक्षा पहिल्या फटक्यात पास, मूळचा कोथरूडचा. कुणाचं बारसं असो की दिवाळीचा फराळ, जेवणं झाली की कुणीतरी खिशातून घडी घातलेलं पत्र काढायचं आणि म्हणायचं, "श्रीकांतदादा, एक मिनिट." मी चष्मा लावायचो, 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून घसा साफ करायचो आणि खोली गप्प व्हायची. माझी बायको मंजिरी याला 'दादांचा दरबार' म्हणते. ती चिडवते हे मला कळायचं, पण दरबार हा शब्द मला आवडायचा.

तो दरबार एका बारशालाच बुडाला. निखिल नावाचा पुण्याहून नुकताच आलेला एक सॉफ्टवेअरवाला पत्र घेऊन आला. गाडी वेगात चालवल्याचा दंड आणि वर परवान्यावर महिनाभर बंदी, आणि गाडी त्या वेळी हा चालवतच नव्हता. मी पत्र वाचलं, अर्थ सांगितला, कायद्यातल्या एका लांबलचक शब्दाची फोड करून दाखवली. हरकत घ्यायला दोन आठवडे आहेत म्हणालो. कधीपासून, असं त्यानं विचारलं. पत्र हातात आल्यापासून, तेव्हा निवांत घे, मी म्हणालो.

"पाकीट कुठाय?"

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. संतोषची बायको, येऊन तीन महिने झालेली, बार्शीची. पाच फुटांच्या आत उंची, कुडत्यावर बिनबाह्यांचं स्वेटर, बांगडीत दोन सेफ्टी पिना, हात भांडी विसळून ओले. संतोष माझ्याच कंपनीत मला ज्युनियर, म्हणून मला त्या भाऊजी म्हणायच्या. पाकीट कशाला, मी विचारलं. निखिलनं गाडीतून पाकीट आणलं, पिवळं, चुरगळलेलं. वहिनींनी हात पुसले, पाकीट उलटसुलट केलं आणि कोपऱ्यात पोस्टमननं पेनानं लिहिलेल्या तारखेवर बोट ठेवलं. "ह्या दिवशी पेटीत टाकलंय. तुम्ही काढलं कधी का असेना. बजावणी झाली ती ह्या दिवशी." निखिलनं मोजलं. दोनच दिवस उरले होते.

मी घरी येऊन नियम शोधला. वहिनींचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या रात्रीचं माझं जेवण अंगी लागलं नाही.

त्यांना हे कुठून कळलं, तर वडील बार्शीच्या कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर सायकलवरून समन्स वाटली. लोक मागच्या दारानं पळायचे, बायकांना पुढं करून 'घरात न्हाईत' म्हणायला लावायचे, कागद घेतलाच नाही तर दावा पुढं सरकणार नाही अशी त्यांची समजूत. वडील शांतपणे शेजारचे दोन पंच बोलवायचे आणि समन्स दारावर डकवून यायचे. शाळेच्या सुट्टीत वहिनी सायकलच्या कॅरिअरवर बसून त्यांच्याबरोबर जायच्या, खळीचा डबा सांभाळायला. कागदाला घाबरायचं नाही, तारखेला घाबरायचं, हे वडील त्यांना सांगायचे आणि त्या आम्हाला सांगायला लागल्या. बी.कॉम. झालेल्या बाई, कायद्याची एक यत्ता नाही.

पुढं त्यांची पद्धत सगळ्या ग्रुपाला पाठ झाली. कागद हातात आला की त्या आधी वाचायच्या नाहीत. मागची बाजू बघायच्या, मग शिक्का, मग तारीख, मग सही कुणाची. पाकीट कागदाच्या मागं पिनेनं टोचून ठेवायच्या, त्या बांगडीतल्या पिना त्यासाठीच होत्या. मजकुराची पाळी शेवटी यायची, आणि तेव्हा त्या म्हणायच्या, "आता भाऊजींना द्या, त्यांना वाचता येतं." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग मंगळवार. दर मंगळवारी सकाळी नवरा कामावर गेला की वहिनी डब्यात दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन एस-बान लोकलनं शहरात जायच्या आणि आम्ट्सगेरिश्टात, म्हणजे इथल्या खालच्या कोर्टात, जाऊन बसायच्या. इथं दिवाणी सुनावणी कुणालाही बघता येते. दाराशी बॅग तपासून घ्यायची, दालनाबाहेर लावलेली त्या दिवशीच्या कामांची यादी बघायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. चौदा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

एका मंगळवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो. कारण सांगितलं की मलाही उत्सुकता आहे. खरं कारण, या बाईंना काही कळत नाही हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. गळक्या छपराचं भांडण होतं, दोन्हीकडे वकील. मला शब्द न् शब्द कळला. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तर कोण जिंकलं याचा मला पत्ता नव्हता. वहिनी डबा उघडत म्हणाल्या, "छपरवाला माघार घेणार."

कशावरून, मी विचारलं.

"त्याच्या वकिलानं फाईल मिटली की मघाशीच. आणि न्यायाधीशबाई बोलतात तिकडं नाही बघायचं, भाऊजी. त्या ते छोटं यंत्र उचलून त्यात बोलतात ना, तेवढंच दप्तरात जातं. बाकीचं हवेत. आपल्याकडं साहेब स्टेनोला सांगायचे, तसंच."

मग पोळीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "मला शब्द कळत नाहीत ना, म्हणून मी बाकीचं बघत बसते."

दोन आठवड्यांनी कळलं, छपरवाल्यानं दावा मागं घेतला. मी त्यांच्याबरोबर परत गेलो नाही.

हेवा म्हणजे काय हे मला त्या वर्षांत नीट कळलं. त्यात मोठं काही नसतं, सगळं बारीकसारीक असतं. ग्रुपवर कुणी पत्राचा फोटो टाकला की मी ऑफिसातली मीटिंग सोडून उत्तर टाइप करायचो, वहिनींच्या आधी. मी बारा ओळी लिहायचो. त्यावर वहिनींचं एक वाक्य यायचं, आणि माणसं आभार त्यांचे मानायची. त्यांचं जर्मन चुकलं की मी चारचौघांत दुरुस्त करायचो. त्या लगेच वही काढून लिहून घ्यायच्या आणि "बरं झालं सांगितलं" म्हणायच्या. मंजिरी एकदा म्हणाली, "तू त्यांच्याशी कुस्ती खेळतोयस आणि त्यांना ते माहीतच नाहीये." मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

अशात आमच्या घरमालकांनी घर सोडायची नोटीस दिली. म्हातारे, सभ्य गृहस्थ. मुलाला राहायला घर हवं, असं कारण. आमची इरा बारावीच्या आधीच्या वर्गात, शाळा दोन गल्ल्या सोडून, आणि स्टुटगार्टमध्ये दुसरं घर मिळणं म्हणजे काय हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मी मालकांना सुंदर भाषेत पत्र लिहिलं, मुलीच्या परीक्षेचं सांगितलं. ग्रुपात मात्र अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर पहिल्या मिनिटाला कुणीतरी 'वहिनींना विचारा' म्हणालं असतं.

डिसेंबरात मेहुणीच्या लग्नाला पुण्याला गेलो. परत आलो तर जाहिरातींच्या ढिगात पिवळं पाकीट पडलेलं. मालकांनी दावा लावला होता. आता वाचणाऱ्याला वाटेल, त्या बारशाला निखिलच्या पत्रावरून जे घडलं त्यानंतर हा माणूस तरी पाकिटाची तारीख बघेल. मी पाकीट फाडलं, पत्र काढलं आणि पाकीट टाकून दिलं. ती तारीख बघणं म्हणजे वहिनींचं शिष्यत्व पत्करणं, असं काहीतरी मनात असावं. शिवाय डोक्यात पुणं होतं. आमच्या काकांचा जागेचा दावा माझ्या मुंजीपासून माझ्या लग्नापर्यंत चालला. पहिल्या तारखेला पुढची तारीख मिळते, एवढंच कोर्टाबद्दल मला माहीत होतं. दोन आठवड्यांची मुदत मी पत्र उघडलं त्या दिवसापासून धरली आणि बाराव्या दिवशी सहा पानी उत्तर धाडलं. तसं जर्मन मी पुन्हा लिहीन असं वाटत नाही.

ते पोचायच्या आधीच निकाल लागला होता. मुदतीत बचाव कळवला नाही, तेव्हा घर रिकामं करून द्यावं. दुसऱ्या पिवळ्या पाकिटातून तो आला. मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला आणि खाली बसलो. इरानं माझ्या खांद्यावरून वाचला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. शेवटच्या वर्षाला दुसऱ्या शाळेत जावं लागेल का, एवढंच तिनं विचारलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मंजिरी म्हणाली, "फोन तू करतोस की मी करू?"

मी केला.

वहिनी तासाभरात आल्या, आमच्या चढावरच्या शंभरेक पायऱ्या चढून, धापा टाकत. पाणीसुद्धा न पिता त्यांनी विचारलं पाकीट कुठे आहे. तेही मी टाकून दिलं होतं. मग त्या शनिवारी दुपारी, खालच्या मजल्यावरची बाई खिडकीतून बघत असताना, मी बिल्डिंगच्या रद्दीच्या पिंपात कमरेपर्यंत वाकून पाकीट शोधलं. पिझ्झाच्या खोक्याखाली सापडलं. वहिनींनी बाहीनं पुसून तारीख वाचली. मंगळवारी पेटीत पडलं होतं. मी ते शुक्रवारी उघडलं होतं आणि शुक्रवारपासूनच दिवस मोजले होते.

"दहा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. तुमच्यावर एकतर्फी झालंय. एकतर्फी उठवता येतं, मुदतीत अर्ज दिला तर."

एकतर्फी. त्या निकालाचा लांबलचक जर्मन शब्द मी न अडखळता म्हणू शकत होतो. मराठी शब्द मला माहीत नव्हता. उत्तराला कैफियत म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्याच भाषेत ही बाई माझ्यापेक्षा श्रीमंत होती, आणि घर जायची वेळ आली असताना मला त्याचंही वाईट वाटलं. असा मी.

मी लगेच लॅपटॉप उघडला आणि सविस्तर कारणं मांडायला घेतली. वहिनींनी तळहात पडद्यावर ठेवला. "भाऊजी, तुमचं जर्मन चांगलं आहे, म्हणून सांगते. आज एकच ओळ. निकालावर हरकत घेतो, आणि खाली सही. कारणं मागनं."

सोमवारी त्या मला घेऊन कोर्टात गेल्या. पत्र टपालानं नको, हातानं द्यायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची, हा वडिलांचा नियम. खिडकीतल्या बाईनं त्यांना बघून हात हलवला, कशा आहात म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "या, या, गूट," म्हणजे हो, हो, छान. माझ्याकडे तिनं शिक्का मारण्यापुरतं बघितलं. त्यानंतर वहिनींनी मला भाडेकरूंच्या संघटनेत नेऊन बसवलं, तिथल्या वकिलाकडून कैफियत तपासून घ्यायला लावली. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या की त्या वकील नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. कोर्टात उभं मात्र मी स्वतःच राहणार म्हणालो. तेवढी खुमखुमी शिल्लक होती.

सुनावणी मंगळवारी लागली. मागच्या बाकावर मंजिरी, तिच्या शेजारी वहिनी, मांडीवर डबा. न्यायाधीश छपराच्या वेळच्याच तरुण बाई होत्या. त्यांनी मला काय म्हणायचं आहे ते विचारलं आणि मी सुरू झालो. सगळं पाठ केलं होतं. मुलाच्या गरजेचा पुरावा, घरांची टंचाई, आमची इतक्या वर्षांची इमानदारी. माझं मलाच ते ऐकायला छान वाटत होतं. तीनचार मिनिटांनी सहज मागं बघितलं. मंजिरी माझ्याकडे बघत होती. वहिनी बघत नव्हत्या. त्यांची नजर टेबलावरच्या त्या छोट्या यंत्रावर होती, आणि यंत्र टेबलावर होतं तसंच पडून होतं.

मी थांबलो. इतका वेळ जे बोललो ते हवेत गेलं होतं. मग मी म्हणालो, "मुलीची शाळा पुढच्या वर्षी संपते. तोवर राहू द्या. त्यानंतर आम्ही घर रिकामं करून देतो."

न्यायाधीशबाईंनी यंत्र उचललं.

मालकांनी आपल्या वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. वकिलानं फाईल मिटली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरपर्यंत राहायचं, अशी तडजोड बाईंनी यंत्रात सांगितली, सगळ्यांना परत ऐकवली, दोन्हीकडून मंजूर आहे का विचारलं. मीही मंजूर म्हणालो. बाहेर आल्यावर मंजिरीनं वहिनींना मिठी मारली. मी त्यांना थँक्यू म्हणालो, इंग्रजीत, म्हणजे कमी लागतं.

इथवर सांगितलं ते तरी मला शोभणारं आहे. पुढचं नाही. पाडव्याला ग्रुप जमला. माझ्या केसची बातमी पसरलेली होती, आणि कुणीतरी म्हणालं, दादांनी वकील न घेता केस लढवली. पाच वर्षांनी खोली पुन्हा माझ्यासाठी गप्प झाली. मी सांगत गेलो. एका ओळीची हरकत माझी झाली, पोच घेणं माझं झालं, यंत्राकडे लक्ष गेलं तेही माझंच. वहिनी पंगतीत श्रीखंड वाढत फिरत होत्या. निखिलनं मध्येच विचारलं, "वहिनी, तुम्हीपण होतात ना तिथं?"

"होते की, मागं," त्या म्हणाल्या. "भाऊजी बोलले सगळं. मला निम्मं कळलंपण नाही."

आणि माझ्या ताटात श्रीखंड वाढून पुढं गेल्या. मंजिरी माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे बघत होतो. त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर मी त्यांचा राग करू शकलो असतो. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

तीन महिन्यांनी संतोषला ब्राउनश्वाइगजवळ नोकरी लागली. सामानाचा ट्रक घेऊन तो पुढं गेला. वहिनींना स्टेशनवर सोडायला मी गेलो, मंजिरीनं पाठवलं म्हणून नाही, मला जायचं होतं म्हणून. पाडव्याचं बोलायचं ठरवलं होतं. त्यामागचं बाकीचंही. बॅगा डब्यात चढवल्या, पाण्याची बाटली आणून दिली, गाडी वेळेवर आहे का ते फलकावर दोनदा बघून आलो. वाक्य तयार होतं. सुरुवात कुठून करावी ते ठरत नव्हतं.

वहिनी डब्याच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, जाताना एक सांगू का? रागावू नका. तुमचा मला फार हेवा वाटायचा. अगदी आल्यापासून. त्या दिवशी तुम्ही न्यायाधीशबाईंशी बोलत होता ना, मी मागं बसून नुसती जळत होते. पाच वर्षं त्या बाईंना बघतेय, पण नमस्काराच्या पुढं एक शब्द बोलता येत नाही मला. आता सांगून टाकलं, बरं वाटलं."

त्या खरंच मोकळेपणानं हसल्या. दार बंद झालं. काचेतून दिसत होतं, त्या आत जाऊन बसल्या, बॅगा मोजल्या, शेजारच्या म्हातारीला सरकून जागा करून दिली. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला तेव्हा गाडी हलली होती, आणि मी तोंड उघडं ठेवून उभा होतो. जे सांगायला मी आलो होतो, ते सांगून मोकळं होणंसुद्धा त्यांना माझ्या आधी जमलं होतं.